थर्मास लोक

शब्द ऋताचाच. मे महिना लागला की महाराष्ट्रातून यात्रेकरूंचे जथेच्या जथे काशीत उतरत. डोक्याला रुमाल, पायात नवे कोरे कॅनव्हासचे बूट आणि खांद्याला लाल नाहीतर निळा थर्मास. गंगेत बुडी मारून पुण्य घ्यायचं आणि वर येऊन थर्मासातलं उकळलेलं पाणी प्यायचं! गेल्या वर्षी, त्र्याण्णव साली, पंचगंगा घाटाच्या पायरीवर बसून ऋता म्हणाली, "आले बघ थर्मास!" शेजारी बसलेली तिची मैत्रीण देवश्री हसून हसून आडवी झाली. तिने ते नावाड्यांच्या पोरांना सांगितलं, आणि आठ दिवसांत दुर्गाघाटापासून पार राजा घाटापर्यंत जो तो थर्मास म्हणायला लागला. ऋताची मान काय ताठ झाली म्हणता! शाळेत जिला कुणी विचारत नव्हतं त्या मुलीचा शब्द अख्खा घाट बोलत होता.

यंदा पद्मा आत्या आली. बाबांची बहीण, इथेच काशीत वाढलेली. लग्न होऊन साताऱ्याला गेली, ती सासरच्या रगाड्यातून अठरा वर्षांनी माहेरी येत होती.

"उद्या सकाळी मला घाटावर ने," आल्या आल्या ती ऋताच्या कानात म्हणाली. "आणि मी कोण ते सांगायचं नाही हं. दिनानाथ लांबूनच ओळखतो की नाही बघ."

दिनानाथ म्हणजे घाटावरचा म्हातारा नावाडी. आत्याला पोहायला त्यानेच शिकवलं. ती चौथऱ्यावरून उडी टाकायची आणि त्याच्या नावेखालून पलीकडे निघायची.

"मछरिया, म्हणजे मासोळी, म्हणायचा मला. साताऱ्यात काय गं, मी कुणाची तरी सून, कुणाची तरी आई. इथे मी पद्मा."

सकाळी आत्या तयार होऊन आली. टाच दुखते म्हणून कॅनव्हासचे बूट. आणि खांद्याला थर्मास.

ऋताने थर्मासाचा पट्टा धरला. "आत्या, हे कशाला? ठेव ना घरी."

"नको बाई, मला आता उकळलेलंच पाणी लागतं."

"मग मी घेते."

"तू पाडशील. चल."

मे महिन्यात नदी खाली गेलेली, खालच्या पायऱ्यांवर गाळ. आत्या भिंत धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरत होती. फुलवाल्याने पाहिलं आणि खाली हाक दिली, "थर्मास आ गइलन!" ऋताने डोळे वटारले, तर तो खूश होऊन म्हणतो, "देखा बहिनी, तोहरे थर्मास!"

"काय म्हणतोय गं?"

"फुलं घ्या म्हणतोय."

दिनानाथ नावेत बसून दोरी वळत होता. आत्या त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, डोक्यावरचा पदर काढला आणि हसली. त्याने मान वर केली. ऋता मनात म्हणत होती, ओळख, चाचा, ओळख!

"आइए माताजी, आराम से बैठिए. सब घाट घुमा देंगे."

संपलंच. घाटावरच्या माणसाशी दिनानाथ बनारसी बोलतो. ही साफसूफ हिंदी तो परक्यांसाठी राखून ठेवतो, हे आत्यालाही माहीत होतं.

"हमके ना चिन्हला, चाचा?" ओळखलं नाहीस का, असं आत्याने बनारसीतच विचारलं, पण शब्द अडखळत, साताऱ्याच्या सुरात आले.

ऋताला राहवेना. "चाचा, ई थर्मास ना हईं!" ती ओरडली. "हमार बुआ हईं, पद्मा!"

घाट खो खो हसला. दिनानाथ गडबडीने उठला, हात जोडले. "अरे हाँ हाँ, याद है. क्यों नहीं याद होगा! आइए, बैठिए."

अजून हिंदीच.

नाव निघाली. आत्याने पदर पुन्हा डोक्यावर घेतला. मग म्हणाली, "थर्मास म्हणजे आम्ही, होय ना?"

ऋताने मान डोलावली.

"बरोबर आहे की. कुणी काढलं?"

ऋता घाटाकडे तोंड फिरवून बसली. आत्या उत्तरासाठी थांबलीही नाही. तिने थर्मास पायाशी ठेवला, नावेच्या कडेवरून वाकली आणि ओंजळभर गंगा उचलली.

"आत्या, नको ना! पोट बिघडेल."

तिने ती पिऊन टाकली. मग आणखी एक. मग मान वळवून दिनानाथकडे पाहिलं.

त्याचं लक्षच नव्हतं. पायऱ्यांवरून नवा जथा उतरत होता आणि तो वल्हं थांबवून हाक घालत होता, "आइए, आइए माताजी! अभी लौटते हैं!"