गाडी जाईपर्यंत घड्याळ बंद

“आज लोकशाही स्वतःच्या पायांनी टॅलमन गावात आली आहे,” असं अध्यक्ष ह्युबर्ट लँगली म्हणाले. आली होती खरी. फक्त तिचं सामान विमान कंपनीने भलत्याच राज्यात पाठवलं होतं, आणि त्या सामानात पाच मिनिटं मोजायचा दिवा होता.

तो दिवा नसला की संसदेची समिती हलत नाही. साक्षीदाराला पाच मिनिटं. हिरवा म्हणजे बोला, पिवळा म्हणजे आटपा, लाल म्हणजे आम्ही आपले आभारी आहोत. रेल्वे, तेलाच्या पाइपलाइनी आणि धोकादायक मालाची वाहतूक यांच्यावर देखरेख ठेवणारी ही उपसमिती वॉशिंग्टनहून आमच्या शाळेच्या व्यायामशाळेत सुनावणीला आली होती. कारण एप्रिलमध्ये आमच्या फाटकापाशी मालगाडीचे चार डबे रुळांवरून घसरून पेटले होते. एप्रिलची आग पाहायला समिती ऑक्टोबरात आली. तोवर ती विझली होती, हे आमचं नशीब.

समितीच्या सचिवांनी भिंतीवरच्या बास्केटबॉलच्या गुणफलकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तीस वर्षं जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात लोकांची टिंगल केली आणि निवृत्त झाल्यापासून शाळेच्या सामन्यांचा गुणफलक चालवतो. बास्केटबॉलवेड्या इंडियानात दुसऱ्या कामाला मान जास्त.

“यावर पाच मिनिटं लावता येतील?”

“येतील. शून्य झालं की भोंगा वाजतो. जरा मोठा आहे.”

अध्यक्षांनी माइकवर जाहीर केलं, की भिंतीवरचं घड्याळ सांगेल तो शेवटचा शब्द. हे नोंदीत गेलं.

पहिले साक्षीदार रेल्वे कंपनीचे उपाध्यक्ष, मिस्टर कॅरदर्स. चार मिनिटं अठ्ठावन्न सेकंदांत ते सतरा वेळा ‘सुरक्षितता’ म्हणाले. ते सतरा गुण ‘पाहुणे’ या रकान्यात टाकायचा मोह मी आवरला.

मग वर्ना स्टॉल्ट्झ उठली. वर्ना शाळेची बस चालवते आणि आमच्या अग्निशमन दलाची प्रमुख आहे. दल म्हणजे चौदा माणसं, सगळी बिनपगारी. तिला एकच गोष्ट हवी होती: गाडी गावात शिरण्याआधी तिच्या डब्यांत काय भरलंय त्याची यादी. पहिल्या रांगेत तिचा धाकटा भाऊ डॅरल बसला होता, नाकात नळी, पायाशी प्राणवायूची बाटली. बाटली फुसफुसत होती.

“अध्यक्षसाहेब, बोलावलंत, आभारी आहे,” वर्ना म्हणाली. “आगीच्या दिवशी मी कंपनीला फोन केला. डब्यात काय आहे, विचारलं. म्हणाले, कळवतो. यादी इंजिनात असते, आणि इंजिन आगीपासून वाचवायला दोन मैल पुढे नेलं होतं. यादी वाचली, साहेब. सुखरूप आहे. आम्ही थांबलो, थांबलो, आणि मग डॅरलने पाण्याचा पाइप उचलला.”

इतक्यात फाटकावर गाडीने शिट्टी दिली. दोन लांब, एक आखूड, एक लांब. रूळ आमच्या व्यायामशाळेच्या भिंतीपासून वीस पावलांवर आहेत. गाडी जाताना पंचाची शिट्टी ऐकू येत नाही, म्हणून टॅलमनचा जुना नियम आहे: गाडी जाईपर्यंत घड्याळ बंद. माझं बोट बटणावर गेलं. सवयीने गेलं की मुद्दाम, हे मी शपथेवर सांगणार नाही. मला कुणी शपथ दिली नव्हती.

फलकावर तीन मिनिटं एकेचाळीस सेकंद उरले होते, ते तसेच राहिले. गाडी खडखडत आली, मंदावली आणि उभी राहिली. ती नेहमीच राहते.

“त्या डब्यात जे होतं त्यावर पाणी टाकायचं नसतं,” वर्ना पुढे म्हणाली. “पाण्याने त्याचा वायू होतो. हे आम्हाला तिसऱ्या दिवशी पत्राने कळवलं.”

दहा मिनिटांनी अध्यक्षांची नजर फलकावर गेली. “घड्याळ का थांबलंय?”

“गाडी आहे, साहेब,” मी म्हणालो.

“मग सुरू कधी होणार?”

“गाडी गेली की.”

“आणि गाडी कधी जाणार?”

मी कॅरदर्सकडे बोट केलं. सगळं गाव कॅरदर्सकडे वळलं.

“ते वाहतूक विभाग ठरवतो,” कॅरदर्स म्हणाले.

“चला, मग बोल वर्ना,” मागून ॲपल-पाय वाढणारी बेट्सीबाई म्हणाली. “घड्याळाचा शब्द शेवटचा.”

वर्ना एकेचाळीस मिनिटं बोलली. पोरं मालगाडीच्या डब्यांखालून रांगत शाळेत येतात, ते बोलली. रुग्णवाहिका फाटकाच्या एका बाजूला आणि म्हातारी माणसं दुसऱ्या बाजूला, तेही. शेवटी कॅरदर्सकडे वळून म्हणाली, “ही बाहेर उभी आहे ना तुमची गाडी, हिच्यात काय आहे?”

“ही माहिती आम्ही तीस दिवसांत लेखी सादर करू.”

“माझा भाऊ तिच्यापासून तीस पावलांवर बसलाय.”

अध्यक्षांनी खिडकीकडे पाहिलं. एक काळा गोल डबा खिडकीभर उभा होता. आपणही तेवढ्याच पावलांवर बसलोय, हे त्यांना तेव्हा उमगलं असावं. “कॅरदर्स,” ते पहिल्यांदाच माइक नसलेल्या आवाजात म्हणाले, “काय आहे हो त्यात?”

कॅरदर्सनी माइकसमोरच फोन लावला. आम्ही सगळ्यांनी व्हायोलिन ऐकलं. मग एका बाईने सांगितलं, की तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

आयुष्यभर मी चेष्टेवर पोट भरलं, पण त्या व्हायोलिनला मला हसू आलं नाही. गाडी त्यांची, रूळ त्यांचे, माल त्यांचा, आणि आत काय आहे हे गाडीच्या मालकालाच ठाऊक नाही. फुप्फुसं तेवढी आमची.

अध्यक्ष उठून उभे राहिले. वर्नाचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, “चीफ, तुमचा एकेक शब्द देशाच्या नोंदीत जाईल. माझं वचन आहे.” डॅरल रडला. बेट्सीबाईने समितीला ॲपल-पाय फुकट खाऊ घातला, आणि ती कुणाला फुकट देत नाही. गाडी हलली तेव्हा अध्यक्षांनी सुनावणी संपल्याचं सांगून विमानतळ गाठला. काळ्या डब्यात काय होतं ते कळायच्या आत डबाही गेला.

तीस दिवस झाले. कंपनीची यादी आली नाही. समितीचं पत्र मात्र आलं. वर्ना ते घेऊन माझ्याकडे आली आणि टेबलावर ठेवून खिडकीशी जाऊन उभी राहिली.

सोबत तिच्या साक्षीची टंकलेखित प्रत होती, चोवीस पानी. पत्रात लिहिलं होतं, की साक्षीदाराला पाच मिनिटांची मर्यादा असल्याने जादा मजकूर पेन्सिलीने खोडला आहे, तरी मान्य असल्याची सही करावी. मी पानं उलटली. आभार राहिले होते. तिचं नाव राहिलं होतं. डॅरल पाइप उचलतो तिथून पुढे एक-दोन पानं, आणि मग शेवटपर्यंत पेन्सिलीची तिरपी रेघ. यादीची मागणी रेघेखाली होती.

“घड्याळाप्रमाणे तुझी तीन मिनिटं एकेचाळीस सेकंद अजून बाकी आहेत,” मी म्हणालो.

“शेवटची ओळ वाचलीस का?” ती म्हणाली.

मी वाचली. सही केलेली प्रत सोबतच्या लिफाफ्यातून दहा दिवसांत परत पाठवावी. पोस्टाचं तिकीट कृपया आपण लावावं.