आधी पाण्याचं बेट

ऋतिका जर्मनीला जायच्या आदल्या आठवड्यात तिच्या भुसावळच्या घरात सगळं ठरून झालं होतं. बॅगा भरल्या होत्या, कुरडया आणि कळण्याचं पीठ डब्यात बंद झालं होतं, मुंबईच्या गाडीचं आरक्षण झालं होतं. एकच गोष्ट मायलेकींना ठरवता येईना. दोन गेमपैकी आधी कोणता खेळायचा?

ऋतिका धुळ्याला नर्सिंग शिकत होती तेव्हा पाच कंदिलाजवळच्या एका जुन्या रेडिओ-दुरुस्तीवाल्याकडून तिने हातात धरून खेळायचा एक गेम विकत घेतला होता. तळहाताएवढी करडी डबी, आत दोन सेल. सोबत दोन कॅसेटी, एक निळी, एक पिवळी. निळीत पाण्याचं बेट होतं आणि पिवळीत वाऱ्याचं. दोन्हींत मुलगी तीच, पाठीवर झोळी घेतलेली. एका बेटावर पाणी चढून गल्ल्या बुडालेल्या, दुसऱ्यावर वारा कायमचा पडलेला आणि पवनचक्क्या थांबलेल्या. दुकानदाराने कॅसेटी देताना बजावलं होतं, "जोडी आहे ताई. एक संपली की शेवटी अक्षरं येतात. ती दुसरीत टाकायची, मग दुसरी गोष्ट पहिलीच्या पुढून सुरू होते. म्हणून कोणती आधी, ते नीट ठरवा."

ते ठरवण्यातच पाच वर्षं गेली होती. शिक्षण, मग जळगावची नोकरी, मग जर्मन भाषेचा क्लास. ऋतिका सुट्टीला आली की आईला शेजारी बसवायची, दोन्ही कॅसेटी पलंगावर मांडायची आणि म्हणायची, "मम्मी, बोल."

सुनंदाबाई म्हणायच्या, "मले काय कळते त्याच्यातलं? तूच सांग."

"इंटरनेटवर निम्मे लोक म्हणतात वारा आधी, तो सोपा आहे. निम्मे म्हणतात पाणी आधी, गोष्ट चांगली लागते."

"वारा तं नको, माय," सुनंदाबाई म्हणायच्या. त्यांचं माहेर मुक्ताईनगरकडचं, केळीवाल्यांचं. घड निसवलेली बाग एका वावधनात, वादळी वाऱ्यात, आडवी झालेली त्यांनी लहानपणी पाहिली होती. "वारा बंद पडला त्या बेटावर, तं बरंच झालं म्हना. पुन्हा कायले आनायचा?"

ऋतिका पोट धरून हसायची, आणि मग कोणाचा तरी फोन यायचा, नाहीतर कुकरची शिटी व्हायची, आणि कॅसेटी कपाटाच्या खणात परत जायच्या. त्या शेवटच्या आठवड्यातही तसंच झालं. निघायच्या दिवशी सकाळी ऋतिकाने डबी आणि दोन्ही कॅसेटी आईच्या हातात दिल्या.

"हे इथेच राहू दे. पुढच्या दिवाळीत येईन, तेव्हा दोघी मिळून खेळू. माझ्याशिवाय सुरू करू नको हं."

"मी कायले सुरू करते?" सुनंदाबाई म्हणाल्या. त्यांना ती डबी नीट धरताही येत नव्हती.

पहिल्या दिवाळीला ऋतिकाला रजा मिळाली नाही. दुसऱ्या दिवाळीला तिची तिकडची परीक्षा होती. दर रविवारी व्हिडिओवर फोन यायचा. चेहरा दिसायचा, मागे पांढरी भिंत दिसायची, खिडकीतून एक झाड दिसायचं, ते कधी हिरवं असायचं, कधी नुसत्या काड्या. सुनंदाबाईंना त्या झाडाचीही सवय झाली. फोन ठेवल्यावर त्या थोडा वेळ काळ्या पडद्याकडे बघत बसायच्या. त्यांचे यजमान पंडितराव ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले, मुळातच कमी बोलणारे. ते विचारायचे, "काय म्हणाली?" आणि शेजारी बसून त्यांनी सगळं ऐकलेलं असूनही सुनंदाबाई पुन्हा पहिल्यापासून सांगायच्या.

अंगणात ऋतिकाची स्कुटी होती, ती पंडितराव आठवड्यातून एकदा चालू करून बंद करायचे. कपाटातले तिचे कपडे सुनंदाबाई उन्हात घालून परत घडी करून ठेवायच्या. तशीच एकदा त्यांनी खणातली डबीही काढली आणि बटण सरकवून पाहिलं. दिवा लागला नाही. मागचं झाकण उघडलं तर सेल आतल्या आत फुटून पांढरट, हिरवट काहीतरी बाहेर आलं होतं.

पोरीने एवढ्या विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू! भुसावळला दोन मोबाइलच्या दुकानांत त्या जाऊन आल्या. दोघांनीही डबी उलटीपालटी करून परत दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पंडितरावांना सांगितलं, "मी धुळ्याले जाऊन येते." आणि डबी रुमालात गुंडाळून पारोळ्यावरून जाणाऱ्या एसटीत बसल्या. एकटीने एवढा प्रवास त्यांनी बऱ्याच वर्षांत केला नव्हता.

दुकान सापडलं. दुकानदार उखर्डू म्हणून होते, सत्तरी गाठलेले, डोळ्याला भिंग लावून रेडिओ उघडत बसलेले. त्यांनी डबी ओळखली.

"ही मीच दिलेली. एक नर्सबाई होत्या."

"माझी मुलगी. बाहेरदेशी असते आता."

उखर्डूंनी जास्त विचारलं नाही. बारीक ब्रश, कसलंसं औषध आणि पॉलिश कागद घेऊन ते तासभर सेलच्या पट्ट्या साफ करत राहिले. मग नवे सेल घातले आणि हात पुढे केला. "कॅसेट द्या, चालवून पाहू."

सुनंदाबाईंनी पिशवीतून दोन्ही काढल्या.

"कोणती टाकू?"

सुनंदाबाईंनी दोन्हींकडे पाहिलं. पाच वर्षं आणि वर ही दोन. उखर्डूंना काय, एक घालून डबी चालते का ते बघायचं होतं. पण सुनंदाबाईंच्या हातात निळी आणि पिवळी कॅसेट होती आणि समोरचा माणूस उत्तराची वाट बघत होता.

"निळी," त्या म्हणाल्या. "आधी पाणी."

कॅसेट आत गेली. एक सूर निघाला, बारीक, बासरीसारखा, आणि पडद्यावर समुद्र आला. किनाऱ्यावर ती झोळीवाली मुलगी उभी होती. उखर्डूंनी एक बटण दाबलं तशी ती चार पावलं चालली आणि थांबली.

"चालू आहे," ते म्हणाले, आणि बंद करायला गेले.

"राहू द्या," सुनंदाबाई म्हणाल्या. "ती चालते कशी, ते दाखवा मले."

"तुम्ही खेळणार?"

"हो. मी."

उखर्डू हसले नाहीत. त्यांनी स्टूल पुढे ओढलं आणि कोणतं बटण कशाचं ते एकेक करून दाखवलं. परतीच्या एसटीत, एरंडोल येईपर्यंत, सुनंदाबाईंनी त्या मुलीला तीनदा पाण्यात पाडलं आणि चौथ्यांदा होडीत बसवलं.

त्यानंतर दुपारचं जेवण झालं, भांडी झाली, की त्या खिडकीजवळ बसायच्या. इंग्रजी दहावीपर्यंतचं होतं. अक्षरं लागायची पण अर्थ लागायचा नाही. मग पंडितरावांना हाक. ते चष्मा लावून, फॅक्टरीतली नोटीस वाचावी तशा आवाजात वाचायचे, "पूल बंद आहे. चंद्र उगवल्यावर या." मग म्हणायचे, "अवं, मग थांब ना चंद्र उगवेपर्यंत." हळूहळू तेही हाक न मारता येऊन बसू लागले. एका वहीत सुनंदाबाईंनी बेटाचा नकाशा काढला. कोणती गल्ली बुडाली, कोणत्या घरात म्हातारी राहते, कोणाला मीठ नेऊन द्यायचं आहे. त्यांना त्या बेटावरचे लोक आवडायला लागले. कोणीतरी वाट बघत असायचं, आणि तिथे जाऊन पोहोचता यायचं.

रविवारी फोनवर मात्र त्या यातलं काही बोलायच्या नाहीत. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता पावसाळा संपला आणि एका दुपारी बेटावरचं पाणी ओसरलं. शेवटी पडद्यावर पंधरा अक्षरं आली. पंडितरावांनी ती वहीत दोनदा लिहून घेतली. पिवळ्या कॅसेटीला सुनंदाबाईंनी हात लावला नाही.

दसऱ्यानंतरच्या रविवारी ऋतिकाचा फोन आला. तिला कायमची नोकरी मिळाली होती. आनंदाची बातमी होती आणि तिने ती आनंदानेच सांगायला सुरुवात केली. पण मग म्हणाली, "दिवाळीला नाही येता येणार, मम्मी. यंदाही नाही."

"बरं," सुनंदाबाई म्हणाल्या.

"फेब्रुवारीत बघते. नक्की नाही. मम्मी, एक सांगू? इथे फार एकटं वाटलं ना, की मी आपलं घर आठवते. स्कुटी, माझं कपाट. खणातल्या कॅसेटी. वाटतं, सगळं जसंच्या तसं आहे. काहीच सुरू झालेलं नाही, माझ्यासाठी थांबलंय."

खोटं बोलणं सोपं होतं. पंडितराव सुनंदाबाईंकडेच बघत होते.

"बेटा, मी खेळली," त्या म्हणाल्या.

"काय?"

"निळी कॅसेट. पाण्याचं बेट. मी खेळली, अन् संपवली बी."

ऋतिकाला आधी वाटलं आई गंमत करते आहे. मग तिचा चेहरा बदलला. अठ्ठावीस वर्षांची, वॉर्डात माणसं मरताना पाहणारी मुलगी, आणि तिचे ओठ लहानपणी व्हायचे तसे वाकडे झाले.

"मी म्हटलं होतं ना, माझ्याशिवाय नको म्हणून."

"म्हटलं होतं."

"मग?"

सुनंदाबाईंना पुष्कळ सांगायचं होतं. फुटलेले सेल, धुळ्याचं दुकान, एसटी. पण ते काही खरं उत्तर नव्हतं, हे त्यांना कळत होतं.

"तू येशील येशील म्हणून सारं घर झाकून ठेवलं होतं मी, ऋतू," त्या म्हणाल्या. "मीबी त्याच्याखालीच बसलेली होती. मले श्वास घेता येईना, माय."

ऋतिकाने हळूच फोन बंद केला.

पुढचा रविवार आला आणि गेला. फोन आला नाही, नुसता मेसेज आला, ड्युटी आहे म्हणून. सुनंदाबाईंनी डबी रुमालात बांधून कपाटात वर ठेवून दिली. पंडितराव म्हणाले, "लेकरू आहे. येईल ताळ्यावर." सुनंदाबाई म्हणाल्या, "तिचं काय चुकलं? मीच शब्द दिला होता." त्या आठवड्यात त्यांनी दोनदा भाजी करपवली.

बुधवारी, भलत्याच वेळी, फोन वाजला. ऋतिका बसमध्ये होती. अंगात जाड कोट, डोळे दमलेले.

"पाणी आधी का घेतलं?" तिने एकदम विचारलं.

"मले माहीत नाही. दुकानात त्यानं विचारलं, तोंडातून निघून गेलं."

"कठीण होतं?"

"पहिले पहिले. होडी लय उलटायची."

"कशी आहे गोष्ट?" मग घाईने, "नको, सांगू नको." आणि पुन्हा थांबून, "सांग. सगळी सांग. माझा स्टॉप यायला चाळीस मिनिटं आहेत."

सुनंदाबाई पलंगावर मांडी घालून बसल्या आणि सांगू लागल्या. बुडालेल्या गल्ल्या, छपरावर चूल मांडलेली म्हातारी, भरती-ओहोटी मोजणारा आंधळा कोळी. लहानपणी तिला झोपवताना सांगायच्या त्याच ठेक्यात, आपल्या बोलीत, हातवारे करत. मध्येच पंडितराव सुधारायचे, "आधी किल्ली, मग पूल." ऋतिका कोटात हनुवटी खुपसून ऐकत होती. एकदा ती रडली, एकदा खळखळून हसली. तिचा स्टॉप येऊन गेला तरी तिने सांगितलं नाही. पुढच्या स्टॉपवर उतरून चालत मागे आली, ते तिने फार नंतर कबूल केलं.

फेब्रुवारीत ती आली. सोळा दिवसांसाठी. पहिल्याच संध्याकाळी पिवळी कॅसेट घातली आणि वहीतली पंधरा अक्षरं एकेक करून टाकली. पडद्यावर थांबलेल्या पवनचक्क्या आल्या. बंदरावरचा माणूस त्या झोळीवाल्या मुलीकडे धावत आला आणि म्हणाला, "नंदा! पाण्याच्या बेटावरची नंदा तूच ना?"

ऋतिका आईकडे वळली. "नंदा? मला वाटलं, त्या मुलीला माझं नाव दिलं असशील."

"चालत तं मी होती," सुनंदाबाई म्हणाल्या. नंदा हे त्यांचं माहेरचं नाव होतं. त्या जरा लाजल्या. ऋतिका त्यांच्याकडे बघतच राहिली, ओळखीच्या गावात एखादी गल्ली पहिल्यांदाच दिसावी तशी.

सोळा दिवसांत पाहुणे होते, चोपड्याच्या मावशीकडे जाणं होतं, एक लग्न होतं. वाऱ्याचं बेट निम्मंच झालं. भुसावळ स्टेशनवर गाडी यायच्या आधी सुनंदाबाईंनी डबी लेकीच्या हातात ठेवली. ऋतिकाने ती परत आईच्या पिशवीत घातली.

"तू पूर्ण कर. मी थांब म्हणणार नाही."

"अन् तू?"

"मला सांग. बसमध्ये."

गाडी गेली. मुलीचा हात दारातून बराच वेळ दिसत होता, मग नुसतं दार, मग डबे. सुनंदाबाई फलाटावर उभ्या राहिल्या. डोळे भरून आले होते. पंडितरावांनी त्यांची पिशवी आपल्या हातात घेतली.

मे महिन्याच्या एका दुपारी शेवटच्या टेकडीवरची सर्वांत मोठी पवनचक्की फिरली. बेटावर वारा सुटला, झाडं हलली, आणि ते बारीक बासरीसारखं गाणं सुरू झालं, या वेळी लांबलचक. सुनंदाबाईंनी रविवारची वाट पाहिली नाही. ऋतिकाची ड्युटी आहे हे माहीत असूनही त्यांनी फोन लावला.

"मम्मी? काय झालं?" ऋतिका दबक्या आवाजात म्हणाली. ती वॉर्डाबाहेर येऊन उभी होती.

"काही नाही. ऐक." त्यांनी फोन डबीला लावला.

ऋतिका ऐकत राहिली. तिकडे कुठेतरी पेशंटची घंटा वाजली, पुन्हा वाजली. "जाते, मम्मी," ती म्हणाली, पण लगेच गेली नाही. मग आणखी एकदा घंटा वाजली आणि फोन कट झाला.

गाणं अजून चालूच होतं. सुनंदाबाई फोन तसाच धरून बसल्या. शेजारी पंडितराव बसले होते. पडद्यावर नावं वर वर जात होती, सगळी परक्या माणसांची. ती संपेपर्यंत दोघं उठले नाहीत.