चंद्रीचा भाव

बाळकुमच्या टॉवरांच्या मधोमध मालनचा पाच म्हशींचा तबेला अजून तग धरून होता. त्यातली चंद्री भाकड. दुधाचा टिपूस नाही, खाणं मात्र सासुरवाडीला आलेल्या जावयाचं. ती विकून दुभती आणली नाही तर टॉवरवाले पिशवीच्या दुधाला लागतील, हा मालनच्या जिवाला घोर होता.

चैत्रात कल्याणचा उत्तम आला. भाकड म्हशी घेऊन खाटकांना पुरवायचा त्याचा धंदा. त्याने तीस हजार सांगितले, तेही उपकार केल्यासारखे. घरात विचारते म्हणून मालनने त्याला वाटेला लावलं.

आणि काय नशीब बघा! मटण परदेशी धाडणाऱ्या कंपनीची माणसं गावोगाव फिरून थेट गोठ्यातून, काट्यावर तोलून म्हशी उचलायला लागली. कल्याणच्या खाटकांना जनावर मिळेना, म्हशीच्या मटणाचा भाव चढला, आणि महिन्याने उगवणारा उत्तम आठवड्यातून दोनदा दारात. पस्तीस. चाळीस. मालन तर हवेतच! तिच्या नकाराला जन्मात एवढी किंमत आली नव्हती. वजन वाढावं म्हणून ती सरकी पेंडीची घमेली रिकामी करत सुटली, आणि चंद्रीचं पोट खरंच सुटायला लागलं. नवरा सहदेव म्हणायचा, फार ताणलं की तुटतं. ऐकतेय कोण.

भाद्रपदात सौदा ठरला. रुमालाखाली बोटं दाबून भाव करायची रीत, आणि आजवर तिथे फक्त पुरुषांचे हात. मालनने सहदेवचा हात बाजूला सारून आपला घातला. उत्तम लाजून लाल झाला, पण बोटाला दहा हजार या हिशोबाने त्याने पाचही बोटं धरेपर्यंत तिने सोडलं नाही. पन्नास हजार.

कापायच्या म्हशीला आधी डॉक्टरचा दाखला लागतो. डॉक्टरांनी हात घातला, थांबले, पुन्हा चाचपलं.

"मालनताई, ही गाभण आहे. पाच महिने उलटलेत. दाखला नाही मिळणार."

शिमग्याला चंद्री दावं तोडून शेजारच्या तबेल्यात गेलेली, आणि तिथे रेडा होता, हे सहदेवला आत्ता आठवलं. मालन मटकन पेंडीच्या पोत्यावर बसली. पन्नास हजार गेले. पण चैत्रात तीसला दिली असती, तर एवढासा गर्भ डॉक्टरच्याही हाताला लागला नसता. आपल्या हावेनेच दोन जीव राखले, या विचाराने तिला रडू आलं, हसू आलं, आणि शेवटी हसूच आवरेना. संक्रांतीला चंद्रीचं दूध घरात येणार होतं.

उत्तम रुमाल झटकत उभाच. पुढच्या आठवड्यात चक्कर मारू का, असं त्याने हळूच विचारलं.

"भाव करायला नको येऊस रे आता," मालन डोळे पुसत म्हणाली. "बारशाला ये."