चौथ्या गाण्यातला भाऊ

माझ्या पहिल्या रेकॉर्डवरच्या चौथ्या गाण्यात माझा धाकटा भाऊ एमेट दारू पिऊन मरतो. खरा एमेट दारू सोडून धडधाकट झालाय आणि माझ्या कार्यक्रमांत दाराशी टेबल मांडून माझ्याच रेकॉर्ड विकतो.

काल डुलुथच्या बारमध्ये एका बाईनं त्याचा हात धरला. "त्यांचा भाऊ गेला ना हो? फार रडले मी."

"चांगला होता बिचारा," म्हणत एमेटनं तिच्या गळ्यात दोन रेकॉर्ड मारल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गाडीत सामान भरताना मी चिडूनच म्हटलं, "बास झालं! ते गाणं मी पुन्हा गाणार नाही."

"गा की," तो म्हणाला. "ताई, गाण्यात तरी तू इस्पितळात माझ्या उशाशी बसतेस."