फोटोबाहेरचा गुलाल

मंजुषाचं डोकं सोमवारी सकाळीच फिरलं. धारूरच्या बसस्टँडसमोर बद्रीनाथचं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे आणि तिथल्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवर सहा वर्षं तीच बसते. त्या दिवशी तिने फोटोशॉप उघडलं तर फोटोच्या चारी बाजूंना जी मोकळी जागा असते, ती राखाडीची गुलाबी झालेली. तीही साधीसुधी गुलाबी नव्हे. मिरवणुकीत नाकातोंडात जातो ना, तो गुलाल!

"हे कोनी केलं?"

"म्या," बद्रीनाथ मोठ्या ऐटीत म्हणाला. "तात्या निवडून आले. गावभर गुलाल उधळलाय आन् आपल्याच दुकानात सुतक कावून? फोटोच्या बाहेर राईट क्लिक केलं, खाली रंग निवडायचं आलं, निवडला. तुलाच येतंय व्हय सगळं?"

"बद्रीभाऊ, ती जागा राखाडी असते ती उगं न्हाई. बाजूला भडक रंग असला की डोळा फसतो. चेहऱ्याचा रंग कळत न्हाई."

"अगं, तो रंग छापतोय का? फोटोच्या बाहेर हाय ना? मंग झालं! तात्या येनार हायत दुकानात, त्यांच्या नजरेत आलं पायजे. हात लावायचा न्हाई त्याला."

छापत नाही, हे खरंच होतं. एवढ्या एका खऱ्या गोष्टीवर बद्रीनाथने तिचं तोंड बंद केलं. मंजुषा दातओठ खात कामाला बसली. तात्यांच्या अभिनंदनाचे तीस बॅनर करायचे होते. डोळ्यांना काय, ते कशालाही सरावतात. मंगळवारी दुपारपर्यंत तिला तो गुलाल दिसेनासाच झाला. फक्त समोरचा प्रत्येक चेहरा फिका, हिरवट, आजारातून उठल्यासारखा वाटत होता, आणि ती प्रत्येकात थोडा थोडा लाल वाढवत होती.

त्याच दुपारी केशरबाई आली. उसाच्या फडातून तीन दिवसांची सुट्टी मागून, नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला गावी आलेली. नवरा सटवा. गेल्या हंगामात कारखान्याच्या वाटेवर उसाने भरलेली बैलगाडी उतारावर उलटली आणि तो तिच्याखाली सापडला. मुकादमाने तिथल्या तिथे सांगून टाकलं, पिऊन गाडी हाकत होता. झालं, मुकादम मोकळा. सटवाच्या गळ्यात वीस वर्षं तुळशीची माळ होती, पण मेलेला माणूस माळ दाखवायला थोडाच उठून येतो? पिऊन मेला ही गोष्ट मात्र केशरबाईच्या आधी गावात येऊन पोचली होती.

"एकच फोटो हाय बघ पोरी," मोबाईल पुढे करत केशरबाई म्हणाली. "फडातला हाय. माळ दिसली पायजे. चौकात मारुतीपाशी लावायचा. उद्या रातच्याला कीर्तन हाय, परवा सकाळी मी परत फडावर."

मंजुषाने जीव लावून काम केलं. माळेचा एकेक मणी उजळला. चेहरा हिरवट वाटला म्हणून थोडा लाल वाढवला. डोळ्यांतही वाढवला. संध्याकाळी फ्लेक्स छापून, गुंडाळून दिला. केशरबाईने तो उलगडूनसुद्धा पाहिला नाही, तसाच छातीशी धरून नेला.

बुधवारी अकरा वाजता तोच फ्लेक्स धाडकन मंजुषाच्या टेबलावर येऊन पडला.

"काय वैर हाय गं तुझं माझ्याशी?" केशरबाईचा आवाज चिरला होता. "म्या काय वाईट केलंतं तुझं? टपरीवाला रामप्रसाद धा मान्सांत म्हनतो, सटवा फोटोत बी टाकूनच बसलाय! सगळे हसले गं. कप हातात धरून हसले."

मंजुषा फ्लेक्स घेऊन बाहेर उन्हात गेली. तांबारलेला चेहरा, लाल डोळे, सुजल्यासारखी लालबुंद नाकपुडी. चार घोट मारून बसलेल्या माणसाच्या गळ्यात कुणी थट्टेने माळ घालावी तसा सटवा दिसत होता. मंजुषाला आधी स्वतःचाच राग आला. माहीत असून गप्प का बसले मी? आणि मग तळपायाची आग मस्तकात गेली.

ती तरातरा आत आली. सटवाचा फोटो उघडला. बद्रीनाथ "ए, ए" करेपर्यंत बाहेरच्या जागेवर राईट क्लिक करून तिने मधला राखाडी निवडला. गुलाल गेला, आणि तिघांच्या डोळ्यांदेखत सटवाचा चेहरा लालभडक झाला.

"फोटोला कावून हात लावला आता?" बद्रीनाथ म्हणाला.

"न्हाई लावला. बाहेरचाच रंग बदलला. चेहरा काल बी असाच लाल होता, तुमच्या गुलालानं आपल्याला दिसला न्हाई!"

बद्रीनाथ स्क्रीनकडे बघत राहिला. मग हात झटकून म्हणाला, "असंल थोडा लाल. कोन बघतंय एवढं? कीर्तन झालं की काढायचाच हाय ना फ्लेक्स?"

केशरबाईने पदर तोंडात कोंबला. मंजुषाच्या मनात आलं, माउस उचलून ह्या माणसाच्या टाळक्यात घालावा.

तेवढ्यात बद्रीनाथचा फोन वाजला. पलीकडून तात्या इतके मोठ्याने ओरडत होते की दुकानात सगळ्यांना ऐकू येत होतं. चौकातल्या बॅनरवर मी पेलेला दिसतोय, लोकं फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकायलेत, तुला काय अक्कल हाय का न्हाई बे!

बद्रीनाथ ताडकन उभा राहिला. "मंजे, सोड ते! पहिलं तात्यांचं काढ. चौकातला बॅनर आत्ताच्या आत्ता बदलायचा!"

"फ्लेक्स एकाच फोटोपुरता उरलाय. नवा रोल परळीहून उद्या येनार."

"तेच म्हनतोय मी, तात्यांचा काढ!"

मंजुषा खुर्चीत बसली. तिने सटवाच्या चेहऱ्यातला लाल उतरवला, डोळ्यांतला उतरवला. उन्हाने रापलेला, हसू आवरून धरलेला एक साधा माणूस राखाडीवर हळूहळू परत आला. केशरबाईने पदर सोडला. "ह्येच," ती म्हणाली. "असेच होते."

मंजुषाने प्रिंट दिली.

"मंजे! कोनाची दिली?"

"तुमच्या तात्यांचा चेहरा असंल थोडा लाल," मंजुषा म्हणाली. "कोन बघतंय एवढं?"

मशीन घर्रर्र करत सुरू झालं. बद्रीनाथ बटनाकडे धावला आणि मध्येच थांबला. सटवाचं कपाळ छापून बाहेर आलंच होतं, आता मशीन बंद करून तो तुकडा कुणाच्याच कामाचा राहिला नसता. तो नुसता धुसफुसत उभा राहिला. "उद्यापासून येऊ नकोस कामाला," एवढं म्हणाला.

"न्हाई येत," मंजुषा म्हणाली. उद्या घरी काय सांगायचं हा विचार तिला शिवूनही गेला नाही, इतकी ती तापली होती. फ्लेक्स सुकल्यावर तिने दोरीचं बंडल उचललं आणि केशरबाईच्या मागोमाग चौकाकडे निघाली.

मारुतीच्या पाराजवळ तात्यांचा भलामोठा बॅनर लटकत होता. नाक लाल, गाल लाल, डोळे तारवटलेले, आणि वर हात जोडलेले. शेजारचाच खांब मोकळा होता. दोघींनी मिळून तिथे सटवाला बांधलं. समोरच्या टपरीवर तात्यांचा बिल्ला छातीला लावलेला रामप्रसाद चहा गाळत होता. सकाळचीच गिऱ्हाइकं हातात कप घेऊन बसली होती.

केशरबाईने शेवटची गाठ मारली, हात झटकले आणि सरळ टपरीसमोर जाऊन उभी राहिली.

"रामप्रसाद, लई बारीक नजर हाय न्हवं तुझी?" तिने दोन्ही फ्लेक्सकडे बोट केलं. "मंग बघ वर. आन् ह्या धा मान्सांत सांग, ह्या दोगांतला पेलेला कोन हाय?"

रामप्रसादने वर बघितलं. कपाबाहेर चहा सांडत राहिला. केशरबाई मात्र हलली नाही.

"सांग की," ती म्हणाली. "मी थांबलेय."