उलटा वूफर

सासऱ्यांना एकच वूफर पुरला असता. गाडी सत्तावीस वर्षांची, तिची डिकी बेताची, आणि सासऱ्यांची मागणीही बेताचीच होती: कान तर गेलेच आहेत, निदान छातीत तरी काही जाणवावं. पण थोरल्या मुलीने त्यांच्या वाढदिवसाला वूफर दिला आणि ते कळल्याबरोबर धाकटीने त्याच दुपारी अगदी तसाच दुसरा आणला. आता एक बसवायचा आणि दुसरा कपाटात टाकायचा, म्हणजे दोन मुलींपैकी एकीला कपाटात टाकल्यासारखंच. सासऱ्यांनी दोन्ही खोक्यांकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाले, "दोन्ही बसवा."

बसवणार कोण हा प्रश्नच नव्हता. दोन्ही जावई त्याच धंद्यात होते, आणि तेही एकाच दुकानात. थोरला मूळचा सुतार. वूफरला लागणारा लाकडी बॉक्स तो करायचा आणि वूफर त्यात कसून द्यायचा. धाकटा वायरमन. बॉक्सच्या बाहेरचं सगळं, म्हणजे अॅम्प्लिफायर, फ्यूज, बॅटरीपासूनच्या तारा, हे त्याचं. त्याने कधी बॉक्स उघडला नाही आणि थोरल्याने कधी अॅम्प्लिफायरला हात लावला नाही. बारा वर्षं हे दोघे साडू असे गुण्यागोविंदाने काम करत होते. त्यातले शेवटचे आठ महिने मात्र एकमेकांशी एक अक्षरही न बोलता.

भांडण पाटीवरून झालं होतं. दुकानाची जुनी पाटी उन्हाने पार उडाली होती. नवी करायची ठरलं, आणि तिच्यावर आधी 'सुतारकाम' लिहायचं की आधी 'वायरिंग', यावरून दोघांची जुंपली. थोरला बोलून गेला की तारा काय, कोणीही जोडतं. धाकटा बोलून गेला की खोकी काय, कोणीही ठोकतं. आपण बोललो ते दोघांनाही खरं वाटत नव्हतं. समोरचा बोलला ते त्याला खरं वाटतं, याची मात्र दोघांना खात्री होती. पाटी कोरीच राहिली.

काम थांबलं नाही, हे विशेष. बोलायचं नाही म्हणून दोघांनी एक पद्धत शोधून काढली होती. कागदी चिकटपट्टीचा तुकडा तोडायचा, त्यावर पेन्सिलीने लिहायचं आणि कामावर चिकटवून निघून जायचं. 'उंची तेरा इंच.' 'उजवीकडे भोक हवं.' 'गोंद ओला आहे.' फक्त कामाचं. एकदा धाकट्याला ताप होता तेव्हा थोरल्याने 'घरी जा' असं लिहिलं, ते वाचून पुन्हा फाडलं, आणि त्याच्या बायकोला फोन करून तिच्याकडून ते म्हणवलं.

आता महिनाअखेरीला दुकानाच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहायची होती. डावीकडे सुतारकाम, उजवीकडे वायरिंग. दोघांच्या बायकांच्या मध्यस्थीने तसं ठरलं होतं. भिंत उभी करायचं काम अर्थातच थोरल्याकडे आलं, कारण सुतार तोच. त्याने चार वेळा माप घेतलं होतं आणि चारही वेळा ते पुन्हा घ्यावं असं त्याला वाटलं. खरं सांगायचं तर थोरल्याला वेगळं व्हायचं नव्हतं. सकाळी शटर वर करताना दुसऱ्या टोकाला दुसरा हात असावा, इतकंच त्याला हवं होतं. पण आधी बोलायचं कोणी? थोरल्याने बोलायचं म्हणजे मोठेपणाला कमीपणा. धाकट्यानेच बोलायला हवं होतं, आणि त्या शहाण्याला हे कळत नव्हतं. सासऱ्यांची गाडी हे दोघांचं शेवटचं एकत्र काम होतं.

सासरे रोज सकाळी दहाला यायचे आणि स्टुलावर बसायचे. चाळीस वर्षं त्यांनी बँडमध्ये मोठा ढोल वाजवला होता. कान त्यातच गेले. जवळून ओरडलं तर ऐकू यायचं, बाकी सगळा अंदाज. गाडीच्या कप्प्यात त्यांच्या बँडची एक कॅसेट होती. ती लावली की त्यांना काड्या मोडल्यासारखं काहीतरी ऐकू यायचं, त्यात ढोल नसायचा. तो त्यांना हवा होता.

धाकट्याने पहिली चिकटपट्टी लावली: 'मागच्या काचेखालच्या पत्र्याला दोन भोकं पाडून खालून टांगू. डिकी मोकळी राहील.' सासऱ्यांनी ती वाचली आणि डिकी बंद करून तिच्यावर हात ठेवून उभे राहिले.

"माझ्या गाडीला भोक पडणार नाही, जावईबापू," ते म्हणाले. त्यांना वाटायचं ते हळू बोलतात. समोरच्या फुटपाथवरची बाई थांबून बघायला लागली.

दुसरी पट्टी: 'सीटखाली?' थोरल्याने सीटखाली हात घातला. चार बोटं जागा होती आणि वूफर आठ बोटांचा. त्याने पट्टीवर फुली मारली. राहिला डिकीतला बॉक्स. पण जुन्या गाडीची डिकी सरळ कुठे असते? मागच्या सीटपाठीमागे पेट्रोलची टाकी तिरकी बसवलेली, आणि डाव्या कोपऱ्यात स्टेपनी उभी. उजवीकडे बॉक्सला पुरेशी खोली मिळत होती. डावीकडे मात्र वूफरच्या पाठीचं जाडजूड चुंबक स्टेपनीला टेकत होतं.

"स्टेपनी काढू का, बाबा?" थोरल्याने त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं.

"एकदाही लागली नाही ती," सासरे अभिमानाने म्हणाले. "राहू दे."

मग एकच मार्ग उरला. डावा वूफर उलटा बसवायचा: आवाज काढणाऱ्या पडद्याचं तोंड बॉक्सच्या आत आणि चुंबक बाहेर, डिकीच्या दाराकडे. दिसायला तो पाठमोऱ्या माणसासारखा दिसतो, पण वाजतो तितकाच. दोनपैकी कोणाचा उलटा करायचा हा नाजूक प्रश्न होता. थोरल्याने आपल्या बायकोने दिलेलाच उलटा केला. घरी हे कळल्यावर जे व्हायचं ते होईल.

आता उलट्या वूफरची एक खोड असते. तो सरळ जोडला तर शेजाऱ्याच्या विरुद्ध चालतो. उजवा हवा बाहेर ढकलतो तेव्हा डावा आत ओढतो. दोघे एकाच बॉक्समध्ये असले तर एकाने ढकललेली हवा दुसरा गिळतो आणि बाहेर शून्य. म्हणून उलट्याच्या दोन तारा फिरवून जोडायच्या, प्लसच्या जागी मायनस. एवढं केलं की दोघे बरोबरीने ढकलतात.

हे थोरल्याला माहीत होतं. हे आपल्याला माहीत आहे हे धाकट्याला माहीत नसेल, असंही त्याला वाटत होतं. तारा बाहेरून फिरवणं खरं तर धाकट्याचं काम. पण हा विसरला तर? एका टॅक्सीच्या कामात विसरला होता. पट्टीवर 'तारा फिरव' लिहावं, तर सुतार वायरमनला शिकवतो असं होणार, आणि तसल्याच एका वाक्याने तर आठ महिने खाल्ले होते. थोरल्याने मुकाट्याने वूफरकडच्याच तारा फिरवल्या, वर कापडाची जाळी ठोकली आणि बॉक्स डिकीत सरकवला. आपण साडूची अब्रू वाचवली आणि त्याला कळूही दिलं नाही, या विचाराने त्याला दिवसभर बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सासरे पुढच्या सीटवर बसले. धाकट्याने कॅसेट लावली. थोरला मागच्या सीटवर होता. आरसे थरथरायला हवे होते. सासऱ्यांनी छातीवर पंजा ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. थोरल्याने मागे जाऊन डिकीत डोकावून पाहिलं. दोन्ही वूफर जीव तोडून हलत होते. बॉक्सवर हात ठेवला तर नुसती गुदगुली, आणि आवाज नाही.

"हेही गेलं म्हणायचं," सासरे म्हणाले. ते तक्रार करत नव्हते. "कानांचं ठीक होतं. छाती जाईल असं वाटलं नव्हतं."

थोरला पुढच्या खिडकीशी आला. तुमची छाती शाबूत आहे, आमचंच काहीतरी चुकलंय, हे त्यांना ओरडून सांगायला तो वाकला, पण काय चुकलं ते त्याला माहीत नव्हतं. धाकट्याने एवढंच लिहिलं: 'उद्या.'

दोघे जेवायचेही वेगवेगळ्या वेळी. धाकटा साडेबाराला जेवायला गेला तेव्हा थोरल्याच्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे त्याने फिरवल्या होत्या तर! विसरला नव्हता. आत एकदा, बाहेर एकदा, झालं पुन्हा जिथल्या तिथे. थोरल्याने जाळी काढली, आपल्या तारा सरळ केल्या, जाळी ठोकली आणि जेवायला गेला. धाकट्यावर इतका विश्वास त्याने आठ महिन्यांत टाकला नव्हता.

तो जेवत असताना धाकटा दुकानात काय करत होता, हे आता कोणालाही सांगता येईल. फक्त थोरल्याला ते सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी सासरे दहाला आले. कॅसेट लागली. दोन्ही वूफर कालच्यासारखेच तडफडत होते आणि गाडीत ढोलाचा पत्ता नव्हता. धाकट्याने खिडकीतून सासऱ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. थोरल्यानेही मागच्या सीटवरून आरशात पाहिलं.

आणि सासरे हसले. "वा!" ते म्हणाले. "आलं! आता कसं छातीत बसतंय." उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर ठेका धरायला लागली, अगदी चोख, एकही मात्रा न चुकता. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं की म्हातारा ऐकतोच आहे. पण थोरल्याची पाठ मागच्या सीटला टेकलेली होती आणि सीट मेल्यासारखी गार होती. म्हातारा पाठ असलेलं वाजवत होता. दोन जावयांचं शेवटचं काम फसलं असं होऊ नये म्हणून.

थोरल्याला ते सहन झालं नाही. मोठेपणा, कमीपणा, पाटी, सगळं राहिलं बाजूला. तो दार उघडून बाहेर आला, डिकीपाशी गेला आणि धाकट्याला म्हणाला, "तू तारा फिरवल्या होत्यास का?"

धाकटा दचकला. इतका, की त्याच्या हातातला पेचकस खाली पडला.

"हो," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी. मग तुम्हीही फिरवल्या असणार असं वाटलं, म्हणून काल सरळ केल्या."

"किती वाजता?"

"तुम्ही जेवायला गेलात तेव्हा."

"मी तू जेवायला गेलास तेव्हा केल्या."

दोघे बॉक्सकडे बघत उभे राहिले.

"आता कोणी फिरवायच्या?" धाकट्याने विचारलं.

"तू. वायरमन तू आहेस."

"बॉक्स तुमचा आहे."

"मी हात लावणार नाही. लावला तर तूही लावशील."

धाकट्याने वाकून पेचकस उचलला. दोन स्क्रू सैल केले, तारा अदलाबदल करून पुन्हा कसल्या. त्या क्षणी डिकीतून ढोलाचा असा एक ठोका आला की वरचा पत्रा थरारला आणि स्टेपनीवरची धूळ उडाली. पुढच्या सीटवर सासऱ्यांची बोटं गुडघ्यावरच थांबली. मग त्यांनी दोन्ही पंजे छातीवर ठेवले आणि डोळे मिटून घेतले.

"म्हणजे वेगवेगळे असतो," धाकटा आवाज चढवून म्हणाला, "तर दोघांचंही बरोबर आलं असतं."

हे खरं होतं. थोरल्याने तेही मनात तपासून पाहिलं होतं. एकट्या सुताराचं बरोबर आलं असतं आणि एकट्या वायरमनचंही.

"असेल," तो म्हणाला. "पण मला वेगळं व्हायचं नाही."

"काय?" धाकट्याने कानाला हात लावला.

"मला वेगळं व्हायचं नाही!"

"ऐकू येत नाही, दादा. ढोल वाजतोय."

थोरल्याने छाती भरून श्वास घेतला आणि असा ओरडला की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. "मला वेगळं व्हायचं नाही!"

सासऱ्यांनी डोळे उघडले. खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"जावईबापू," ते म्हणाले, "हे मला ऐकू आलं. म्हणजे त्याला पहिल्याच वेळी आलं असणार."

थोरल्याने वळून पाहिलं. धाकटा मान खाली घालून, आधीच घट्ट असलेला स्क्रू पुन्हा पिळत होता.

"आलं होतं," तो म्हणाला. "पण आठ महिने झाले, दादा. अजून एकदा ऐकावंसं वाटलं."