दोन बाजू सारख्या, म्हणे शेत सारखं

गिरधर गुरुजींची अक्कल म्हणजे काय सांगावं! ते साक्रीच्या बाजाराला निघाले की अक्कल वाहायला मागून वेगळी बैलगाडी जायची म्हणतात. गाडीत कधी कुणाला काही दिसलं नाही, ती गोष्ट निराळी.

सत्त्याऐंशी साली धुरपदाबाईच्या नशिबी हाच विद्वान पंच म्हणून आला. नवरा वारलेला, पदरात दोन पोरी, आणि दीर चुडामणनं सासऱ्याचं, दोन नाले आणि रस्ता यांच्यामधलं तिकोनी शेत वाटायला काढलेलं. टोकावरच्या मोहापासून रस्त्यापर्यंत त्यानं बांध घातला, तोही चांगला एका अंगाला सरकवून. एक तुकडा ऐसपैस, दुसरा बाभळीच्या शेंगेसारखा. शेंगेत तिघींची वर्षाची बाजरी कुठून पिकायची?

गुरुजींनी दोरी टाकली. "बांध दोघांना एकच. नाल्यांकडच्या कडा दीडशे-दीडशे पावलं. दोन बाजू सारख्या!"

"आन् मोहाजोडेना कोपरा? तो कोठे सारखा शे?" धुरपदाबाईनं मोहाजवळच्या टोकाकडे बोट दाखवलं.

गुरुजी खो-खो हसले. "बाई, कोणत्याही त्रिकोणाचे कोन मिळून एकशे ऐंशी अंश. इकडेही तेवढेच, तिकडेही तेवढेच. म्हणजे कोन सारखेच की!"

एवढा घडीव दगड तिनं खाणीतही पाहिला नव्हता. तरी तिनं बाजरीची दोन ताटं बुडाशी धरून जराशी उघडली, मग फाकवली. "ताटं तीच, गुरुजी. पण तोंड उघाडं का घास मोठा."

"भूमिती चुलीपुढे शिकवत नाहीत," म्हणत गुरुजींनी कागदावर लिहिलं: दोन्ही तुकडे सर्वस्वी समान, कोणी कोणताही घ्यावा. सही ठोकली. चुडामणनं तर मिशीतल्या मिशीत हसत केली. शेवटी तिनं अंगठा उठवला.

"सारखाच शेतस ना? मंग माले तो रुंद द्या."

"नही नही! तो मना शे!" चुडामण उडालाच.

"का बरं, भाऊ?"

"त्यामा जमीन जास्ती शे!"

बोलून बसला आणि जीभ चावली. साक्षीला बसलेल्या सुपडू आबांनी कागद घडी करून आपल्या खिशात घातला. "सह्या झाल्या, चुडामण. आते बोलू नको."

"पुन्हा मोजू या का?" गुरुजी पुटपुटले.

चुडामणनं त्यांना पायापासून टोपीपर्यंत न्याहाळलं. "गुरुजी, शाळामा पोऱ्यासले काय शिकाडतस तुम्ही?"

तोवर धुरपदाबाई ऐसपैस तुकड्यात शिरून दगड वेचू लागली होती.